अब्बांचा संगणक

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेत संगणकाची खोली असेल. त्या खोलीत एखादा संगणक असाही असेल, की त्याच्यासमोर बसायला कोणी तयार होत नाही. कळ दाबली, तरी तो लवकर जागा होत नाही. तास संपत येतो आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राहते. मग मुले म्हणतात, "सर, हा संगणक म्हातारा झाला. आता नवा घ्या." अशाच एका म्हाताऱ्या संगणकाची हकीकत आज मी तुम्हांला सांगणार आहे.

मी भिंगारचा. भिंगार म्हणजे अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर शहराला लागून असलेले छावणीचे गाव. लष्कराच्या रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र नगरला आहे. तेथे 1994 मध्ये सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. त्यामुळे आमच्याकडे गल्लोगल्ली एखादे तरी निवृत्त फौजी भेटतात. आमच्या शेजारी असेच एक सुभेदारकाका राहत. लष्करात त्यांनी आयुष्यभर रणगाड्यांची आणि ट्रकांची इंजिने दुरुस्त केली होती. संगणकाला त्यांनी कधी हातही लावला नव्हता. तरीही या हकीकतीतले माझे गुरू तेच आहेत. ते कसे, हे तुम्हांला पुढे कळेलच.

माझे शिक्षण तुमच्यासारखेच उर्दू माध्यमाच्या शाळेत झाले. घरात आम्ही उर्दू बोलत असू आणि सुभेदारकाकांशी मराठी. माझ्या अब्बांचे टंकलेखनाचे लहानसे दुकान होते. आधी त्यांच्याकडे मराठी टंकलेखन यंत्र होते. लोक अर्ज, दाखले, करारनामे टाइप करून घ्यायला येत. उर्दू मजकूर मात्र कातिबाकडून हाताने लिहून घ्यावा लागे. पुढे 1990 च्या दशकात 'इनपेज' ही आज्ञावली आली आणि नस्तालिक लिपीतला सुंदर उर्दू मजकूर संगणकावर तयार होऊ लागला. अब्बांनी पैसे साठवून साठवून 2012 मध्ये स्वतःचा संगणक घेतला. त्या दिवशी त्यांनी साऱ्या गल्लीत पेढे वाटले होते. उर्दू आणि मराठी लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, मुलांचे अर्ज असे सगळे काम त्या संगणकावर होऊ लागले. आमचे घर त्यावर चालत होते, असे म्हटले तरी चालेल.

मग 2020 साल उजाडले. मार्च महिन्यात टाळेबंदी लागली. लग्ने पुढे ढकलली गेली, म्हणून पत्रिका थांबल्या. कचेऱ्या बंद, म्हणून अर्जही थांबले. अब्बांनी संगणक दुकानातून घरी आणून ठेवला. माझी धाकटी बहीण त्या वर्षी दहावीत गेली होती. शाळा बंद होत्या आणि वर्ग मोबाईलवर भरत होते. आमच्या घरात चांगला मोबाईल एकच, तोही अब्बांच्या कामाचा. बहीण म्हणाली, "मी संगणकावर वर्गाला बसते."

तिने कळ दाबली, आणि आमच्या संकटाला सुरुवात झाली. संगणक सुरू व्हायला इतका वेळ लागे, की तोवर वर्गातली हजेरी होऊन जाई. कसाबसा सुरू झाला, तरी वर्गाचे पान उघडेना. कधी पान उघडण्याआधीच एखादी सूचना पडद्यावर येई आणि आम्ही ती न वाचताच बंद करून टाकत असू. दोन दिवस तिचे वर्ग बुडाले. तिसऱ्या दिवशी ती काही बोलली नाही. नुसती वही घेऊन खिडकीशी बसली.

जून महिन्यात दुकाने उघडू लागली. अब्बा आणि मी एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने संगणक न उघडताच विचारले, "कितवे वर्ष?" अब्बा म्हणाले, "आठवे." तो म्हणाला, "मग यात आता काही राहिलेले नाही. नवा घ्या. अठ्ठावीस हजारांपर्यंत येईल." अठ्ठावीस हजार! तीन महिने दुकान बंद असलेल्या माणसाला हा आकडा कसा वाटला असेल, याची तुम्हीच कल्पना करा. घरी येताना अब्बांनी भंगारवाल्याला भाव विचारला. तो सहाशे रुपये द्यायला तयार झाला. अब्बा खिन्नपणे म्हणाले, "जुन्या माणसाचे आणि जुन्या यंत्राचे असेच असते, बेटा."

त्या संध्याकाळी सुभेदारकाका ओट्यावर बसले होते. मी त्यांना सारी हकीकत सांगितली. म्हणालो, "काका, संगणक फार मंद झाला आहे."

काका हसले. म्हणाले, "मंद झाला, हा काही बिघाड नव्हे. ही झाली तक्रार. ट्रक चालवणारे जवान आमच्याकडे येऊन हेच म्हणत, 'साहेब, गाडी ओढत नाही.' आम्ही विचारायचो, कधी ओढत नाही? चढावर की सपाटीवर? इंजिन थंड असताना की तापल्यावर? तुझा संगणक थांबतो, तर कुठे थांबतो? किती वेळ थांबतो? हे आधी बघ, मग मला सांग."

मित्रांनो, मी त्या वेळी विज्ञान शाखेत शिकत होतो, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी घरी गेलो. अब्बांचे मनगटी घड्याळ आणि एक कोरी वही घेतली. संगणकाची कळ दाबली आणि पडद्यासमोरून हललो नाही.

पुढचे नीट समजावे, म्हणून संगणक जागा होताना काय काय घडते, हे आधी थोडक्यात सांगतो. आपण कळ दाबतो, तेव्हा संगणकाला काहीच आठवत नसते. त्याच्या मुख्य पट्टीवरील एका छोट्या चिपमध्ये पहिल्या काही सूचना कायमच्या लिहिलेल्या असतात. त्यांना 'बायोस' म्हणतात. बायोस आधी हजेरी घेतो. स्मृती आहे का? कळफलक आहे का? चकती आहे का? मग तो चकतीवरील एक छोटी आज्ञावली उचलतो. ती छोटी आज्ञावली मोठ्या प्रणालीला, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सला, स्मृतीत आणून बसवते. शेवटी आपल्या रोजच्या वापरातील आज्ञावल्या एकामागून एक सुरू होतात. या साऱ्या क्रियेला 'बूट होणे' म्हणतात. हा शब्द खरोखरच पायातल्या बुटावरून आला आहे, बरे का! उंच बूट ओढून घालण्यासाठी त्यांना मागे एक पट्टी असते. आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलणारा माणूस, अशी एक गमतीची कल्पना इंग्रजीत आहे. संगणकही असाच स्वतःच स्वतःला उठवतो, म्हणून हे नाव पडले.

आता माझ्या वहीकडे वळू. कळ दाबल्यावर वीस सेकंदांत पडदा काळा झाला आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या. संगणक तेथेच थांबला. मी वाट पाहिली. एक मिनिट, दोन मिनिटे, चार मिनिटे. मग मी त्या ओळी वाचल्या. पहिल्या ओळीचा अर्थ असा होता, की तारीख आणि वेळ ठरवलेली नाही. दुसरी ओळ सांगत होती, की पुढे जाण्यासाठी एफ 1 ही कळ दाबा.

मी कपाळावर हात मारून घेतला. संगणक मंद नव्हता, तो आपल्याला प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत उभा होता! अब्बांची सवय अशी, की सकाळी कळ दाबायची आणि दुकान झाडायला लागायचे. झाडून झाले, की पडद्याकडे पाहायचे आणि 'अजून अडकलाच आहे' म्हणून कळफलकावरच्या कळा दाबत सुटायचे. त्यांतली एखादी एफ 1 असायची. बहीणही तसेच करत होती. पडद्यावर काय लिहिले आहे, हे आमच्यापैकी कोणीही वाचले नव्हते.

मी एफ 1 दाबली. तेथून विंडोजचे नाव लिहिण्याचे पान यायला दोन मिनिटे दहा सेकंद लागली. नाव लिहिल्यापासून संगणक खरोखर कामाला लागेपर्यंत आणखी पाच मिनिटे दहा सेकंद गेली. एकूण अकरा मिनिटे वीस सेकंद झाली. वही घेऊन मी काकांकडे धावलो.

काकांनी वही पाहिली आणि म्हणाले, "शाबास! आता एका बिघाडाचे तीन बिघाड झाले. तीन लहान बिघाड एका मोठ्या बिघाडापेक्षा सोपे असतात. पण हात लावण्याआधी एक सांग. दुरुस्तीला आलेल्या रणगाड्यातून आम्ही आधी काय काढायचो?"

"तेल?"

"दारूगोळा! जे गेले तर भरून येणार नाही, ते आधी बाजूला काढायचे. तुझ्या अब्बांचे काम त्या संगणकातच आहे ना?"

तुम्ही एवढे एक लक्षात ठेवले, तरी हा पाठ वाचल्याचे सार्थक होईल. दुरुस्तीच्या आधी नक्कल करून ठेवावी. मी अब्बांचे आठ वर्षांचे काम दोन पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. नक्कल नीट झाली की नाही, हे पाहण्यासाठी त्यांतल्या पाचसहा पत्रिका उघडूनही पाहिल्या. अब्बा मागे उभे होते. एक पत्रिका पाहून ते म्हणाले, "ही मुलगी आता दोन मुलांची आई आहे."

मग पहिला बिघाड हाती घेतला. संगणकाची तारीख रोज मागे का जाते? मुख्य पट्टीवर नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते. तिचा क्रमांक बहुधा सीआर 2032 असतो आणि ती तीन व्होल्टची असते. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि बायोसमध्ये केलेल्या निवडी जपणे, हे तिचे काम. काही वर्षांनी ती संपते. मग संगणक रोज सकाळी तारीख विसरतो. तारीख चुकली, की आणखी एक घोटाळा होतो. इंटरनेटवरील सुरक्षित पाने आपली ओळख पटवण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखवतात आणि त्या प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाला आज 2009 साल वाटत असेल, तर 2020 चे प्रमाणपत्र त्याला खोटे वाटते आणि तो पान उघडत नाही. बहिणीच्या वर्गाचे पान का उघडत नव्हते, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. ज्या सूचना आम्ही न वाचता बंद करत होतो, त्या हेच सांगत होत्या. चाळीस रुपयांची बॅटरी आणून बसवली. तारीख आणि वेळ बरोबर केली. त्याच वेळी बायोसमध्ये डोकावून पाहिले, तर संगणक प्रणाली शोधायला आधी सीडीच्या खणात जात होता. मी चकतीचा क्रमांक पहिला लावला. दुसऱ्या दिवशी पहिला टप्पा पंचवीस सेकंदांत संपला. अकरा मिनिटे वीस सेकंदांची आता सात मिनिटे पंचेचाळीस सेकंद झाली होती.

बहीण त्या दिवशी वर्गाला बसली. हजेरी चुकली, पण धडा चुकला नाही.

मग मी धुळीच्या मागे लागलो. नगर जिल्ह्याचा बराच भाग कमी पावसाचा आहे आणि उन्हाळ्यात आमच्याकडे धूळ फार. दुकान तर रस्त्यावरच. वीजजोडणी काढून मी संगणकाची एक बाजू उघडली, तर आत राखाडी गोधडीच अंथरलेली! प्रोसेसर काम करताना तापतो. त्याच्यावर धातूच्या पातळ पट्ट्या आणि पंखा असतो. त्या पट्ट्यांत धूळ बसली, की उष्णता बाहेर पडत नाही. मग जळून जाऊ नये, म्हणून प्रोसेसर स्वतःच आपली गती कमी करतो. मऊ कोरड्या ब्रशाने आणि हवेच्या पंपाने मी धूळ काढली. स्मृतीच्या पट्ट्या काढून त्यांची पिवळी टोके खोडरबराने हलकेच पुसली आणि पुन्हा घट्ट बसवल्या. मला वाटले, आता संगणक घोड्यासारखा धावेल. प्रत्यक्षात पंधराच सेकंद वाचले! पंख्याचा आवाज मात्र पुष्कळ कमी झाला. मी हिरमुसलो. काका म्हणाले, "जेवढे झाले तेवढेच लिही. फुगवलेली नोंद स्वतःलाच फसवते."

येथे तुम्हांला एक ताकीद देतो. संगणक उघडायचा असेल, तर घरातील किंवा शाळेतील जाणत्या माणसाला जवळ ठेवा. वीजजोडणी काढल्याशिवाय हात घालू नका. आधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. हवेने धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. आणि विजेचा पुरवठा करणारी बंद पेटी कधीही उघडू नका. वीजजोडणी काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहिलेली असते.

आता राहिला सर्वांत मोठा टप्पा, शेवटच्या पाच मिनिटांचा. संगणक सुरू होताना त्याच्याबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या आज्ञावल्यांची एक यादी असते. आमच्या विंडोज 7 मध्ये 'एमएसकॉन्फिग' असे लिहिले, की ती यादी दिसे. नव्या आवृत्त्यांत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की 'टास्क मॅनेजर' उघडतो आणि त्यात 'स्टार्टअप'चे पान सापडते. मी यादी मोजली. तेवीस नावे! विकून टाकलेल्या छपाई यंत्राची आज्ञावली त्यांत होती. हरवलेल्या मोबाईलची होती. विषाणूंपासून रक्षण करणाऱ्या तर दोन होत्या आणि दोघी एकमेकींवर संशय घेत प्रत्येक फाईल दोनदा तपासत होत्या. 'संगणकाचा वेग वाढवा' असे सांगणारी एक फुकटची आज्ञावलीही होती आणि सगळ्यांत जास्त वेळ तीच खात होती! म्हणजे बिचाऱ्या संगणकाने डोळे उघडले, की तेवीस माणसे एकदम 'माझे काम आधी' म्हणून त्याच्या दारात उभी. कोणीही मंद होईल!

काकांचा नियम असा होता, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पुन्हा सुरू करून पाहायचे आणि लिहून ठेवायचे. तीन दिवस मी तो पाळला. चौथ्या रात्री मला घाई झाली. मी एकदम पाच आज्ञावल्या बंद केल्या आणि झोपलो.

सकाळी शेजारच्या एक मावशी अर्ज टाइप करून घ्यायला आल्या. कितीतरी दिवसांनी आलेले ते पहिले गिऱ्हाईक! अब्बा मोठ्या उत्साहाने संगणकासमोर बसले. त्यांनी मराठीत 'प्रति' लिहिले, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे उमटली. पुन्हा लिहिले, पुन्हा तेच. मावशी थांबल्या होत्या. अब्बा मला काही बोलले नाहीत. त्यांनी कागद घेतला आणि म्हणाले, "राहू द्या, मी हाताने लिहून देतो." त्यांनी रागावले असते, तर मला बरे वाटले असते.

मराठी कळफलक चालवणारी छोटी आज्ञावली त्या पाचांत होती. पण कोणती? नावावरून काही कळत नव्हते. वहीत पाचही नावे लिहिलेली होती, म्हणून बरे. मी एकेक आज्ञावली चालू करत गेलो आणि दर वेळी संगणक पुन्हा सुरू केला. चौथी चालू केली, तेव्हा पडद्यावर मराठी 'प्र' उमटले. एका घाईपायी चार खेपा झाल्या. पण वही नसती, तर तोही रस्ता उरला नसता. आणखी एक गोष्ट मी शिकलो. आज्ञावली 'बंद करणे' वेगळे आणि 'काढून टाकणे' वेगळे. बंद केलेली पुन्हा चालू करता येते. म्हणून जिचे काम ठाऊक नाही, ती आधी काढून टाकू नये.

शेवटी तेवीसपैकी चारच आज्ञावल्या यादीत राहिल्या. वेळ साडेचार मिनिटांवर आली. चकतीवर तसूभरही जागा उरलेली नव्हती. तात्पुरत्या फायली आणि एकाच गाण्याच्या तीनतीन प्रती काढल्या, तेव्हा ती चार मिनिटे दहा सेकंदांवर आली. त्यानंतर मात्र काही केल्या ती हलेना.

काकांनी विचारले, "आता कुठे थांबतो?"

मी संगणकाला कान लावला. आत चकतीची घरघर चालू होती. जुन्या संगणकात खरोखरची गोल चकती फिरत असते. आमची मिनिटाला 7200 फेरे घेत होती, म्हणजे सेकंदाला 120. माहिती वाचणारी एक सुई त्या चकतीवर इकडून तिकडे धावते. सुरू होताना हजारो लहान फायली हव्या असतात आणि त्या चकतीवर विखुरलेल्या असतात. सुईची सारी शक्ती धावण्यातच जाते. त्यात आमच्या संगणकाची स्मृती दोनच जीबी होती. स्मृती अपुरी पडली, की संगणक उरलेले ओझे चकतीवर ठेवतो आणि लागेल तेव्हा पुन्हा उचलतो. म्हणजे धावणाऱ्या सुईवर आणखी काम!

याला उपाय होता. 'एसएसडी' नावाच्या नव्या प्रकारच्या चकतीत फिरणारे काहीच नसते. सगळी माहिती चिपमध्ये असते, म्हणून सुईची धावपळ नाही. अशी चकती आणि दोन जीबीची जुनी पट्टी मिळून तीन हजारांच्या आत काम होणार होते. माझ्याकडे शिकवणीचे दोन हजार होते. उरलेले कोठून आणायचे, याचा विचार करत असताना बहिणीने आपला पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला. त्यात तिच्या तीन वर्षांच्या ईदीचे आठशे चाळीस रुपये होते. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "भाईजान, वर्ग माझा आहे." माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हते.

जुन्या चकतीवरचे सारे नव्या चकतीवर उतरवून घेतले. विंडोज 7 ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे 14 जानेवारी 2020 रोजीच बंद झाले होते, म्हणून पुढची आवृत्ती घातली. मग अब्बांना हाक मारली. त्यांनी नेहमीप्रमाणे कळ दाबली आणि झाडू हातात घेतला. अर्धी खोली झाडून होते न होते, तोच मागे सुरू झाल्याचा आवाज वाजला. अब्बांनी वळून पाहिले. पन्नास सेकंद! आजवर अब्बा संगणकाची वाट पाहत आले होते. त्या दिवशी संगणक अब्बांची वाट पाहत होता. अब्बांनी झाडू भिंतीला टेकवला, चष्मा लावला आणि मावशींचा तो अर्ज, आता कोणाला नको असतानाही, पहिल्यापासून नीट टाइप करून काढला.

बहिणीचे दहावीचे सारे वर्ष त्या संगणकावर गेले. 2021 मध्ये दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. संगणक आजही घरी आहे. विंडोज 10 चाही नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, म्हणून आता मी त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली चालवतो. फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या तरुण विद्यार्थ्याने 1991 मध्ये तिचा आरंभ केला. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेनेही लिनक्सवर आधारलेली 'बॉस' नावाची प्रणाली तयार केली आहे. जुन्या यंत्रांवर लिनक्सचे हलके प्रकार चांगले चालतात आणि मराठी व उर्दू दोन्ही लिप्या त्यांत लिहिता येतात.

मित्रांनो, प्रत्येक जुने यंत्र दुरुस्त होतेच, असे मी म्हणणार नाही. कधी मुख्य पट्टीच जळते, तेव्हा नवे घ्यावेच लागते. वीज अचानक गेली किंवा कोणी चालू संगणकाची वीजजोडणी ओढली, तर चकतीवरची माहितीही बिघडते. मग पुढच्या वेळी संगणक ती तपासत बसतो. म्हणून तो रोज रीतीने बंद करणे, हीदेखील एक दुरुस्तीच आहे. पण 'म्हातारा झाला' असा निकाल देण्याआधी त्याच्यासमोर एकदा शांतपणे बसा. पडद्यावर काय लिहिले आहे, ते वाचा. घड्याळ लावा. तो कुठे थांबतो, ते वहीत लिहा. नक्कल करून ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

ती वही मी अजून जपून ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर अकरा मिनिटे वीस सेकंद असे लिहिले आहे आणि शेवटच्या पानावर पन्नास सेकंद. मधल्या एका पानावर घाईत बंद केलेल्या पाच आज्ञावल्यांची नावे आहेत. आता मी शाळेत संगणक शिकवतो. एखादा विद्यार्थी माझ्याकडे येऊन "सर, हा संगणक मंद आहे" असे म्हणाला, की मी त्याला हे मधले पान दाखवतो आणि सुभेदारकाकांचा प्रश्न विचारतो, "थांबतो, तर कुठे थांबतो?"